नेदरलँड्समधील निवास कार्ड : माझा अनुभव

माझे पती बार्देश तालुक्यातले. त्यांच्या वडिलांचा जन्म १९ डिसेंबर १९६१ पूर्वीचा, म्हणजे गोवा पोर्तुगीज अमलाखाली असतानाचा. त्यामुळे वडिलांच्या जन्माची नोंद पोर्तुगालमध्ये होऊ शकली आणि पुढे पतींनाही तिथले नागरिकत्व मिळाले. भारतात दुहेरी नागरिकत्व नसल्याने त्यांनी भारतीय पासपोर्ट परत केला. मी सावंतवाडीची, माझा पासपोर्ट भारतीयच राहिला. पती कामासाठी पोर्तुगालला न जाता नेदरलँड्सला गेले. त्यांच्याजवळ राहायला जाण्यासाठी मला जे करावे लागले ते सविस्तर लिहिते, कारण गोव्यातल्या आणि तळकोकणातल्या कितीतरी घरांपुढे आज हाच प्रश्न आहे.

सुरुवातीला मी चुकीचे नियम वाचत बसले होते. डच नागरिकाच्या भारतीय पत्नीला तिथे जाण्याआधी डच भाषेची आणि समाजपरिचयाची परीक्षा द्यावी लागते, शिवाय पतीच्या उत्पन्नाची अट असते. तीन महिने मी त्या परीक्षेचा अभ्यास केला. मग लक्षात आले की माझे पती डच नाहीत. ते युरोपीय संघाच्या एका सदस्य देशाचे नागरिक असून दुसऱ्या सदस्य देशात राहतात, आणि अशा माणसाच्या कुटुंबाला संघाचा मुक्त संचाराचा कायदा, म्हणजे २००४/३८ क्रमांकाचे डायरेक्टिव्ह, लागू होते. कामगाराला सीमा ओलांडून काम करता यावे हा १९५७ च्या रोम करारापासून सामाईक बाजारपेठेचा एक पाया आहे, आणि बायकोमुलांना मागे ठेवावे लागणार असेल तर माणूस सीमा ओलांडायला कचरेल, हा त्यामागचा विचार. १९९२ मध्ये युरोपीय न्यायालयाने सुरिंदर सिंग या भारतीय नागरिकाच्या प्रकरणात हाच विचार पुढे नेला : त्यांची ब्रिटिश पत्नी जर्मनीत काम करून मायदेशी परतत असताना त्यांनाही तिच्यासोबत राहण्याचा हक्क असल्याचे ठरले. शेजारच्या डच माणसाच्या पत्नीपेक्षा माझा मार्ग सोपा असावा, हे मला आजही न्याय्य वाटत नाही. पण कायदा तसा आहे.

मुंबईत व्हिसाच्या खिडकीवर माझ्याकडे हॉटेलचे बुकिंग, परतीचे तिकीट आणि सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट मागितले. ही कागदपत्रे पर्यटकासाठी असतात. त्या डायरेक्टिव्हच्या पाचव्या कलमानुसार कुटुंबीयांचा व्हिसा विनाशुल्क आणि शक्य तितक्या लवकर द्यायचा असतो. त्या कलमाची छापील प्रत, अपोस्टिल केलेले (परदेशात ग्राह्य धरले जावे म्हणून सरकारी शिक्का घेतलेले) विवाह नोंदणी प्रमाणपत्र, पतींच्या पासपोर्टची प्रत आणि मी त्यांच्याकडे राहायला जात असल्याचे त्यांचे पत्र एवढेच मी पुढे ठेवले. वरिष्ठांना विचारून अर्ज घेतला गेला आणि काही दिवसांत व्हिसा मिळाला.

खरी धास्ती तिथे पोहोचल्यावर वाटली. निवास कार्डासाठी काय मागता येते याची यादी दहाव्या कलमात आहे आणि ती लहान आहे : माझा पासपोर्ट, नात्याचा पुरावा, आणि पती तिथे हक्काने राहत असल्याचा पुरावा. पण पतींचे गोदामातले काम आठवड्याला २४ तासांचे होते, आणि एवढ्या पगारावर त्यांना कामगार मानणार नाहीत, म्हणजे कामगार म्हणून तिथे राहण्याचा हक्कही धरणार नाहीत, असे ओळखीच्या सगळ्यांनीच सांगितले. याचे उत्तर युरोपीय न्यायालयाच्या १९८२ च्या लेविन निकालात सापडले. तोही खटला नेदरलँड्समधलाच. अर्धवेळ काम करणारा, किमान वेतनापेक्षा कमी मिळवणारा माणूसही कामगारच, मात्र काम खरेखुरे हवे, नावापुरते नको, असे न्यायालयाने त्यात म्हटले आहे. आम्ही कामाचा करार आणि सलग चार महिन्यांच्या पगारपावत्या जोडल्या. त्याच दिवशी अर्ज दाखल झाल्याची नोंद हाती आली.

त्यानंतर मला एका खाजगी कंपनीत नोकरी मिळाली, पण कार्ड दाखवल्याशिवाय रुजू करून घेणार नाही, असे तिथल्या मनुष्यबळ विभागाने कळवले. मला फार वाईट वाटले, कारण तेविसाव्या कलमाने मला काम करण्याचा हक्क पतींच्या हक्काबरोबरच मिळाला होता. पंचविसावे कलम तर स्पष्टच सांगते की कार्ड जवळ असणे ही कोणताही हक्क वापरण्याची पूर्वअट करता येत नाही. हक्क इतर पुराव्यांनीही सिद्ध करता येतो. म्हणजे कार्ड हक्क देत नाही, असलेल्या हक्काची ग्वाही देते. हे मी शांतपणे, कलमांसह लिहून पाठवले. उत्तर यायला तीन आठवडे लागले आणि त्या काळाचा पगार बुडाला, पण त्यांनी मला घेतले.

कार्ड देण्यासाठी कायद्याने सहा महिन्यांची मुदत दिलेली आहे. माझे पाचव्या महिन्यात आले. ते पाच वर्षांचे आहे. सलग पाच वर्षे राहिल्यावर कायम निवासाचा हक्क मिळतो, आणि गावी वरचेवर येणाऱ्यांनी इथे नीट लक्ष द्यावे : वर्षात एकूण सहा महिन्यांपर्यंतच्या गैरहजेरीने सलगता तुटत नाही, आणि बाळंतपण किंवा गंभीर आजारपण यांसारख्या महत्त्वाच्या कारणासाठी एकदा सलग बारा महिन्यांपर्यंत बाहेर राहता येते. माझी आई आजारी असते, म्हणून जाण्यायेण्याच्या तारखा मी एका वहीत लिहून ठेवते आणि बोर्डिंग पास त्याच वहीत चिकटवते.