शहाबादी फरशीवर उठलेला फेस

गणपतीच्या आधीची साफसफाई चालू होती. मोरीच्या टाइल्ससाठी दारावरच्या फेरीवाल्याकडून सुटं अ‍ॅसिड घेतलं होतं, पाण्याच्या रिकाम्या बाटलीत. ती बाटली ओट्याखाली मीच ठेवली होती. दुपारी सासूबाई झोपेतून उठल्या, बाटली तोंडाला लावली आणि ओरडल्या, "अगं, जळतंय गं!"

एक घोट गेला होता, बाकी थुंकलं. फेनेलही तसल्याच बाटलीत होतं, लेबल कशालाच नाही. पण थुंकलेलं जिथं पडलं तिथं शहाबादी फरशीवर पांढरा फेस चरचरत होता. ही फरशी चुनखडीची. फेनेलनं तिला असा फेस येत नाही. म्हणजे अ‍ॅसिडच.

शेजारच्या काकू मिठाचं पाणी घेऊन धावत आल्या, "पटकन उलटी काढ त्यांची." मी त्यांचा हात धरला. जाताना जाळलं ते वर येताना पुन्हा जाळतं, आणि श्वासनलिकेत गेलं तर जिवावर बेततं. खायचा सोडाही दिला नाही. अ‍ॅसिडशी मिसळला की पोटात गॅस होतो. आईंना नुसत्या चुळा भरायला लावल्या.

दिल्लीच्या एम्समधल्या विषबाधा माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा नंबर मुलगा लहान असल्यापासून कपाटाच्या दाराला चिकटवलेला आहे. रिक्षातून फोन लावला. काय प्यायल्या, किती, कधी, वय काय, आवाज बसलाय का, लाळ गळतेय का, दम लागतोय का, एवढंच विचारलं. तोंडानं काही देऊ नका, बाटली सोबत न्या, म्हणाले.

हॉस्पिटलात पोटात नळी घालून धुतलं नाही, यानं मी हादरलेच. डॉक्टरांनी समजावलं, भाजलेल्या अन्ननलिकेला नळीनं भोक पडू शकतं. छातीचा एक्स-रे, सलाइन, आणि पोलिसांत एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय प्रकरणाची नोंद. पोलीस म्हटल्यावर नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. पण विषबाधेत ही नोंद होतेच, हवालदार जबाब घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्बिणीनं तपासणी झाली. लाली, सूज होती, खोल जखम नव्हती. दुपारपासून गार दूध सुरू केलं. तरी डॉक्टरांनी बजावलं होतं, अन्ननलिका आक्रसली तर ते काही आठवड्यांनी कळतं, घास अडकतोय का बघा.

चौथ्या आठवड्यात आईंनी भाकरी मागितली. पहिला घास उतरेपर्यंत माझी नजर त्यांच्या गळ्यावर होती.