लस न देणाऱ्यांची मुलं मी का तपासते

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. विचारणारे बदलतात, प्रश्न तोच असतो. दवाखान्यात येणाऱ्या आया विचारतात, सोसायटीतले शेजारी विचारतात, आमच्या बालरोगतज्ज्ञांच्या ग्रुपवरचे मित्रही विचारतात: "जे आईवडील मुलांना लस देत नाहीत, त्यांना तुम्ही येऊच का देता? सांगून टाका ना, लस द्या, नाहीतर दुसरा डॉक्टर बघा." इथे ठाण्यात घोडबंदर रोडवर असं सांगणारे डॉक्टर आहेत. त्यांना वाईट म्हणायची माझी तयारी नाही.

आधी एक गैरसमज दूर करते. २०२२च्या शेवटी गोवंडी, भिवंडी, मुंब्र्यात गोवर पसरला तेव्हा आमच्याकडे सगळे "तिकडचे लोक" असं म्हणून मोकळे झाले. तिकडच्या कितीतरी आयांची अडचण साधी असते. लसीकरणाला जायचं तर दिवसाची रोजी बुडते, आणि रात्री बाळ तापलं तर सकाळी कामावर जायचं कसं? आशाताई घरी जाऊन बसली, नीट बोलली, की त्यांतल्या बऱ्याच जणी येतात. माझ्याकडे नाही म्हणणारे येतात ते टॉवरमधले. शिकलेले, नेटवर वाचून आलेले, मुलावर जीव टाकणारे. त्यांच्याशी बोलणं जास्त कठीण आहे.

प्रॅक्टिस नवी होती तेव्हा मी त्यांना पुरावे द्यायचे. वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरांचा १९९८चा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला निबंध, ज्यावरून एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) आणि ऑटिझमचं प्रकरण सुरू झालं, तो अवघ्या १२ मुलांवरचा होता आणि २०१० साली 'लॅन्सेट'ने तो मागे घेतला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या, २०१९ साली निष्कर्ष आला, संबंध सापडला नाही. हे सगळं आजही सांगते, कुणी विचारलं तर. पण समोरचा बहुतेक वेळा ते विचारत नसतो. "आमच्या वेळी कुठं होत्या एवढ्या लशी" असं आजी म्हणते तेव्हा तिला डेन्मार्क नको असतं. आणि "लशीवर तुम्हाला पैसे सुटतात ना, मॅडम?" असं कुणी विचारलं तर त्याला खरं उत्तर हवं असतं. हो, सुटतात. खासगीत मिळणाऱ्या, कमी दुखणाऱ्या 'पेनलेस' लशीची किंमत बघून कुणालाही शंका यावी. मी म्हणते, महापालिकेच्या आरोग्य केंद्रात जा, तिथे सरकारी लस फुकट मिळते, तीच द्या, फक्त कार्ड मला आणून दाखवा. हे ऐकून काही जण खरंच गेले आहेत. काही जण तिथेही गेले नाहीत.

आता ज्या बाबांमुळे हा प्रश्न माझ्यामागे लागला, त्यांच्याबद्दल. ऐरोलीला आयटीत नोकरी, मुलगा तीनेक वर्षांचा, जन्मानंतर एकही लस नाही. आधीच्या डॉक्टरांनी यायचं नाही म्हणून सांगितलेलं. मी विचारलं, भीती नक्की कशाची वाटते? बराच वेळ "केमिकल", "कंपन्या" असं चाललं आणि मग निघालं ते असं: बहिणीच्या मुलीला पेंटाच्या (घटसर्प, डांग्या खोकला धरून पाच आजारांवरची एकत्र लस) इंजेक्शननंतर त्याच रात्री फणफणून ताप येऊन आकडी आली होती. त्यांनी ती डोळ्यांनी पाहिली होती. हॉस्पिटलात बहिणीला एवढंच सांगितलं गेलं की योगायोग आहे.

मी म्हटलं, योगायोग म्हणणार नाही. सरकारी पेंटातल्या डांग्या खोकल्याच्या घटकाने ताप येतो, आणि तापात काही मुलांना आकडी येते. बघणाऱ्याचा जीव जातो, पण बहुतेक मुलांत ती मागे काही ठेवत नाही. ते म्हणाले, हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आभार मानले. लस दिली नाही.

त्यानंतर एका सोमवारी संध्याकाळी तो मुलगा ताप, खोकला, लाल डोळे घेऊन आला. त्या दिवसांत माझ्या वेटिंगमधली निम्मी मुलं अशीच असतात, अंगावर काही उठलेलं नव्हतं. बुधवारी सकाळी बाबांनी मोबाइलवर फोटो पाठवला. कानामागून चेहऱ्यावर उतरलेलं पुरळ बघितल्यावर शंका उरली नाही. व्हिटॅमिन ए लगेच आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा असं त्यांना सांगितलं आणि सोमवारचं रजिस्टर उघडलं. गोवराचा रुग्ण पुरळ यायच्या चार दिवस आधीपासून दुसऱ्याला देऊ शकतो. तो खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू हवेत राहू शकतो. म्हणजे त्याच्याशेजारी बसलेलेच नाहीत, नंतर आलेलेही आले.

रिसेप्शनवरची ताई आणि मी फोन करत बसलो. गोवराची लस नेहमी नऊ महिन्यांनी, पण संपर्क आला असेल आणि सहा महिने पूर्ण असतील तर ७२ तासांच्या आत देता येते. ठाण्यातली बाळं दुपारपर्यंत आली. एक फोन लागेना. सात महिन्यांचं बाळ, आई माहेरी गेलेली, गुहागरच्या पलीकडे. रजिस्टरमध्ये तिचा एकच नंबर. तिच्या सोसायटीच्या वॉचमनकडे निरोप ठेवला, त्याच्याकडेही गावचा नंबर नव्हता. फोन लागला तेव्हा ७२ तास केव्हाच उलटले होते. सहा दिवसांपर्यंत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, देता येतं, तेही हुकलं होतं.

बाळाला गोवर झाला, मग न्यूमोनिया. ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. वाचलं.

घरी सोडल्यावर आई माझ्याकडे आली. "वेटिंगमध्ये कुणाला होता? त्याला लस दिलेली होती का?" मी म्हटलं, दुसऱ्या पेशंटबद्दल मला सांगता येणार नाही. तिला कळायचं ते कळलं. "मी सगळ्या लशी वेळेवर दिल्या, डॉक्टर. नवव्या महिन्याची वाट बघत होते. आणि त्यांना तुम्ही आत घेतलंत." मग तिने विचारलं, आता पुढे काही नाही ना? मी खोटं बोलले नाही. वर्षाच्या आत गोवर झालेल्या फार थोड्या मुलांत, बरीच वर्षं गेल्यावर, साधारण सात ते दहा वर्षांनी, मेंदूचा एक आजार उद्भवतो, एसएसपीई, आणि त्यावर इलाज नाही. शक्यता फार कमी, पण शून्य नाही. ती उठून गेली. त्यांनी डॉक्टर बदलला. तिच्या जागी मीही बदलला असता.

आता तुमचा प्रश्न. त्या बाबांना मीही दार दाखवलं असतं तर मुलगा कुठे बसला असता? दुसऱ्या कुठल्यातरी दवाखान्यात, जिथे त्याला लस नाही हे कुणाला ठाऊक नसतं. बुधवारी फोटो आला नसता, रजिस्टर कुणी उघडलं नसतं, लस मिळालेली ती बाकीची बाळं तशीच राहिली असती. त्यांनी मला फोटो पाठवला कारण मी त्यांना हाकललं नव्हतं. हे माझं उत्तर आहे आणि ते मला पटतं.

प्रॅक्टिस नवी होती तेव्हाच्या मला मात्र ते पटत नाही. ती म्हणते, तू त्याला घेतलं नसतंस तर हे बाळ आजारी पडलं नसतं. गोवर रोखायला ९५ टक्के मुलांना लस लागते, मग उरलेल्यांशी गोड बोलायचा खर्च सात महिन्यांच्या बाळाने का भरायचा? मी तिला म्हणते, तुझ्या पद्धतीने एक तरी घर बदललं का? ती म्हणते, तुझ्या पद्धतीने? आणि इथे आम्ही दोघी अडतो.

कारण त्या बाबांना नंतर मुलगी झाली. तिला जन्मतः बीसीजी, पोलिओ, कावीळ ब दिली. नऊ महिन्यांना गोवर-रुबेलाची दिली, स्वतः तारीख विचारून. पेंटा अजून नाही. ताप उतरवायचं औषध हाताशी ठेवू, रात्री मला फोन करा, पेनलेस घ्या, ताप कमी येतो, सगळं सांगून झालं. ते ऐकतात, मान हलवतात, पुढच्या वेळी म्हणतात. डांग्या खोकला आणि घटसर्प त्यांच्या "पुढच्या वेळे"साठी थांबणार नाहीत, हेही त्यांच्या तोंडावर सांगते.

दवाखान्यात मी बदल केले आहेत. ताप आलेल्या मुलांनी आधी फोन करायचा. लस न झालेलं मूल तापलं असेल तर सगळे गेल्यावर, नाहीतर खाली गाडीतच तपासते. बाबा कुरकुर न करता थांबतात. लहान बाळांच्या आयांना एवढं पुरेसं वाटत नाही, आणि त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही. पण तुम्ही मला पुन्हा सांगाल की यांना येऊच देऊ नका, तेव्हा त्या मुलीला तापात कुठे न्यायचं तेही सांगा.