पारसिकच्या चढासाठी ३४ दातांची चकती

नवी मुंबईतल्या बेलापूरहून पारसिक हिलवर पहिल्यांदा सायकल घातली तेव्हा अर्ध्या चढात माझे गिअर संपले. पुढे लहान चेनरिंग, म्हणजे पेडलजवळची दातेरी चकती, मागे सगळ्यात मोठी चकती, म्हणजे सगळ्यात हलका गिअर, आणि बोट तरी लिव्हर दाबतंच होतं. उरलेला चढ हँडलला लोंबकळत, एकेक पेडल ढकलत काढला. वर पोचले, खाडीवरचा वारा घेतला, खूप आनंद झाला. दुसऱ्या दिवशी बँकेचा जिना उतरताना उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे कळ आली.

मी सत्तेचाळीस वर्षांची. नेरूळला राहते आणि पाम बीच रोडवर रोज पहाटे सायकल चालवते. तो रस्ता सपाट, तिथे माझी रोड बाईक छान पळायची. चढाची ओढ नंतर लागली. महिनाभर दर रविवारी पारसिक केला आणि दर सोमवारी गुडघा शेकला.

ग्रुपमधले एक दादा म्हणाले, "पाय तयार झाले की मागच्या मोठ्या चकतीला २८ दात पुरतात. मीही त्यावरच चढतो." दादा मनाने फार चांगले आहेत, पंक्चर झालं तर सगळ्यांच्या आधी तेच थांबतात. पण त्यांचे पाय माझे नाहीत, हे माझ्या लक्षात यायला तीन महिने गेले. आणलं ते फिजिओथेरपिस्टने. तिने गुडघा वाकवून, दाबून पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "चढावर तुमचा पाय मिनिटाला किती वेळा फिरतो?"

मला सांगता आलं नाही. म्हणून पुढच्या रविवारी मोजलं. सगळ्यात खड्या पट्ट्यात उजवा गुडघा वर आला की एक, असं मनात म्हणत गेले. हँडलवरच्या फोनने मिनिट संपल्याचा आवाज केला तेव्हा आकडा होता ४२. वेग ताशी साडेसहा किलोमीटर. सपाटीवर माझा पाय मिनिटाला ऐंशीच्या आसपास फिरतो, म्हणजे चढावर जवळजवळ निम्मा. आणि निम्म्या फेऱ्यांत तेवढंच काम करायचं तर प्रत्येक फेरीत गुडघ्यावर दुप्पट जोर येणार. फिजिओला आकडा सांगितला तर ती म्हणाली, "बघा, का दुखतंय ते कळलं ना?"

त्या संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सायकल घेऊन बसले. रॉकेलच्या चिंधीने मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा चकत्यांचा संच, पुसली तेव्हा काळ्या ग्रीसखालून आतल्या चकतीवर कोरलेला २८ दिसला. बाहेरची सगळ्यात लहान ११. पुढे ५० आणि ३४, पेडलच्या दांड्यांसकट या जोडीला कॉम्पॅक्ट क्रँक म्हणतात. मग टायरवर खडूची खूण केली आणि फरशीवर चाक एक पूर्ण फेरा ढकललं. मुलीने टेप लावली : २ मीटर १० सेंटिमीटर.

सगळा हिशेब यातच आहे. पुढचे दात भागिले मागचे दात, गुणिले चाकाचा फेरा. ३४ भागिले २८ म्हणजे १.२१, म्हणून पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे २ मीटर ५५ सेंटिमीटर पुढे जाते. ताशी साडेसहा किलोमीटर म्हणजे मिनिटाला १०८ मीटर. १०८ भागिले २.५५, उत्तर ४२. मी रस्त्यावर मोजलेला आकडा कागदावर तसाच उतरला तेव्हा अंगावर काटा आला. खड्या चढावर माझा वेग माझ्या दमावर ठरतो, तो गिअर बदलून फारसा वाढणार नाही. गिअरने ठरतं ते एवढंच की तोच वेग मी किती फेऱ्यांत गाठायचा.

मग हलका गिअर आणायचा कुठून? पुढची ३४ ची चेनरिंग लहान करावी असं आधी वाटलं, पण कॉम्पॅक्ट क्रँकच्या बोल्टांचं वर्तुळ ११० मिलिमीटरचं असतं आणि त्यावर ३३-३४ च्या खालची रिंग बसतच नाही. राहिली कॅसेट. माझी सायकल मागे आठ गिअरची. त्यात दोन पर्याय समोर आले, ११-३२ आणि ११-३४, म्हणजे सगळ्यात लहान चकती ११ दातांची आणि सगळ्यात मोठी ३२ किंवा ३४ ची. ३२ वर पाय ४८ वेळा फिरला असता, ३४ वर ५१ वेळा. मी हातात घेऊन पाहिलेल्या ११-३२ च्या चकत्या २१, २४, २८, ३२ अशा नेमस्त चढत जातात. ११-३४ मध्ये मात्र २६ वरून थेट ३४ वर उडी. ती उडी पायाला चांगलीच जाणवते, एकदम पोकळीत पाय पडल्यासारखी. तरी मी ३४ घेतली. पुढे ३४, मागे ३४, म्हणजे एका फेरीला एक चाक. आधीपेक्षा प्रत्येक पेडलवर साधारण १८ टक्के कमी जोर. गुडघ्यासाठी मला तेवढं हवंच होतं.

एका दुकानात तासाभरात कॅसेट बदलून मिळाली. जुनी चेन तशीच, चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा जुना डिरेलरही तसाच. मी विचारलं होतं, "यात अजून काही बदलावं लागेल का?" उत्तर आलं, "नाही मॅडम, चालून जाईल." पुढच्या रविवारी चढाच्या तोंडाशीच चुकून पुढे ५० आणि मागे ३४ लागले. चेन तारेसारखी ताणली, डिरेलर पुढे ओढला गेला आणि कडकन आवाज झाला. डिरेलर फ्रेमला ज्यावर टांगलेला असतो तो हँगर वाकला होता. तो मऊ अॅल्युमिनियमचा मुद्दाम करतात, फ्रेमच्या आधी तो वाकावा म्हणून. फ्रेम वाचली, पण मी बेलापूर ते नेरूळ सायकल ढकलत आणली. राग यायचा तो आलाच. विचारूनही चुकीचं उत्तर मिळालं होतं.

दुरुस्ती जुईनगरच्या एका जुन्या मेकॅनिककडे केली, आणि त्यांनी आधी मला स्टुलावर बसवून समजावलं. डिरेलरला दोन मर्यादा असतात. एक, सगळ्यात मोठी चकती किती दातांची चालेल. दुसरी, किती ढिली चेन तो गोळा करू शकेल. दुसरीचा हिशेब सोपा : पुढच्या दोन रिंगांतला फरक अधिक मागच्या लहान-मोठ्या चकत्यांतला फरक. ५० उणे ३४, १६. ३४ उणे ११, २३. बेरीज ३९. "ताई, तुमचा डिरेलर आखूड पिंजऱ्याचा आहे, पिंजरा म्हणजे चेन ताणून धरणारा खालचा भाग. लांब पिंजऱ्याचा लागेल, ३९ झेपणारा." मग त्यांनी नवी चेन डिरेलरमधून न घालता पुढच्या सगळ्यात मोठ्या आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीभोवती गुंडाळली, जिथे टोकं जुळली तिथून दोन कड्या जास्त धरल्या आणि तोडली. जुनी १०८ कड्यांची होती, ही ११२ ची झाली. चार कड्यांसाठी माझा हँगर गेला होता. चेन जोडल्यावर त्यांनी मुद्दाम ५०-३४ लावून पेडल फिरवलं आणि मला म्हणाले, "आता ऐका." काहीच आवाज नव्हता.

पारसिकवर पुन्हा मोजलं : ५२. सोमवारी जिना उतरले, कळ नव्हती. पाम बीचवर खाडीचा वारा समोरून असला की १७ आणि २० च्या मधली चकती हवीशी वाटते, ती या कॅसेटमध्ये नाही. एवढी तडजोड मला मान्य आहे. खारघरच्या टेकडीवरही जाऊन आले, तिथे ३४ पुरून उरली.

जानेवारीत नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंत गेले. सायकल गाडीला लावून नेरळला नेली, तिथून पेडल. हा घाट वेगळाच आहे. काही वळणं अशी की पुढचं चाक हलकं होऊन उचलल्यासारखं वाटतं, आणि टॅक्सीवाले पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत शेजारून जातात. दोनदा उतरून थांबले, पाणी प्यायले, पुन्हा चढले. दस्तुरीला पोचल्यावर घोड्यांच्या रांगेजवळ बसून रडले थोडी, लपवत नाही. सगळ्यात खड्या वळणावर पाय मोजला होता, ४४. वेग ताशी साडेपाच.

घरी येऊन वही उघडली. ४६-३० ची क्रँक बसवली तर ३० भागिले ३४ म्हणजे ०.८८, एका फेरीला १ मीटर ८५ सेंटिमीटर, आणि त्याच वळणावर फेऱ्या पन्नासच्या जवळ. सपाटीवर ४६-११ मला भरपूर आहे, ऐंशीच्या फेऱ्यांवर ताशी ४२ चा वेग मी पाम बीचवरही कधी गाठलेला नाही. पुढचा डिरेलर थोडा खाली सरकवावा लागेल. मागचा? ४६ उणे ३०, १६. अधिक २३. बेरीज तीच, ३९. मेकॅनिकना फोन करून विचारलं, तर तेही तिकडे आकडेमोड करत होते. "बसेल ताई," म्हणाले, "पावसाळ्यात घेऊन या."