खर्जाची तार आणि पाच मीटरचा हॉल

मी बनवत असलेल्या स्पीकरच्या तिसऱ्या नमुन्याची जोडी घेऊन मी त्या शनिवारी सकाळी पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीचे दोन जिने चढलो, तेव्हा काम संपल्यातच जमा आहे असे मी धरून चाललो होतो. आदल्या आठवड्यात घराजवळच्या बास्केटबॉलच्या सिमेंटच्या मैदानावर, वाहतूक सुरू होण्याआधी पहाटे पाच वाजता, स्पीकर आणि माइक दोन्ही जमिनीवर ठेवून मी खालच्या स्वरांचे मोजमाप केले होते. आजूबाजूला भिंत नसल्यामुळे त्या मोजमापात फक्त स्पीकरच बोलतो, आणि माझा आलेख 40 हर्ट्झपासून वर जवळजवळ सरळ रेषेत होता. स्पीकर बनवणाऱ्या माणसाला अशा रेषेचा जो अभिमान वाटतो, तो मला पुरेपूर वाटत होता.

ज्यांच्याकडे गेलो ते काका गायक नव्हेत, पण चाळीस-एक वर्षे गाणे शिकत आणि ऐकत आले आहेत. घरात काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला, लावलेला तंबोरा कायम असतो. स्पीकर भिंतीपासून दूर ठेवावेत हा पुस्तकी नियम मला पाठ असल्याने मी काकूंची नाराजी पत्करून दोन्ही कॅबिनेट पुढे ओढली, इतकी की वूफरचा, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, पडदा मागच्या भिंतीपासून बरोबर 84 सेंटिमीटरवर आला. काका समोरच्या भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर बसले. पहिले ध्वनिमुद्रण काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचे होते. दहा मिनिटे ते काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, "अरे, याचा तंबोरा चार तारांचा आहे ना? मला चौथीच, खर्जाचीच, ऐकू येते आहे."

त्यांनी स्वतःच दुसरे ध्वनिमुद्रण लावायला सांगितले, ते काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेचे. तिथे नेमके उलटे झाले. खर्जाची तार छेडल्याचे कळत होते, जवारीची, म्हणजे घोडीवरच्या तारेच्या झंकाराची, चमक होती, पण तारेखालचा भोपळा कुणीतरी काढून नेल्यासारखा वाटत होता. शिवाय डग्ग्याचा घिस्सा, म्हणजे तळहात घासून चढवलेला सूर, खालून वर सरकताना मध्येच बुडायचा आणि पुढे पुन्हा वर यायचा. "याच्यात खर्ज फुगतो आणि तिच्यात खर्ज नाहीसा होतो, हे कसे?" असे त्यांनी विचारले. खरे सांगायचे तर त्या क्षणी मी मनातल्या मनात ध्वनिमुद्रणालाच दोष देत होतो.

तेवढ्यात काकांनी कोपऱ्यातला तंबोरा उचलला, स्पीकरच्या थोडे पुढे सतरंजीवर बसले आणि छेडू लागले. मी सोफ्यावर जाऊन बसलो. चारही तारा सारख्या, एकीत एक मिसळलेल्या ऐकू आल्या. खोली तीच, ऐकण्याची जागा तीच, आणि तरी घुमणे नाही. ध्वनिमुद्रणाला दोष देण्याची वाट तिथेच बंद झाली.

मी माइक सोफ्यावर काकांच्या कानाच्या उंचीला लावला आणि 20 हर्ट्झपासून चढत जाणारा स्वर वाजवला. आलेखात 69 हर्ट्झवर सुमारे अकरा डेसिबलची टेकडी होती आणि 104 हर्ट्झवर तशीच खोल दरी. काळी एकचा मध्य षड्ज 138.6 हर्ट्झ येतो, म्हणून त्या तंबोऱ्याची खर्जाची तार 69.3 वर आणि पंचमाची पहिली तार 104 वर असते. काळी चारच्या तंबोऱ्याचा खर्जही 104 लाच. म्हणजे काकांच्या कानांनी माइकच्या आधीच दोन्ही आकडे सांगून टाकले होते, फक्त हर्ट्झमध्ये नाही.

टेप काढून हॉल मोजला. लांबी 5.02 मीटर, रुंदी 3.60, उंची 2.85. अठ्ठावीस अंश तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला 348 मीटरच्या आसपास असतो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये लाट येऊन-जाऊन स्थिरावते तेव्हा पहिला अनुनाद 34.7 हर्ट्झवर आणि दुसरा त्याच्या दुप्पट, म्हणजे 69.3 वर येतो. या दुसऱ्या अनुनादात हवेचा दाब दोन्ही टोकांच्या भिंतींजवळ आणि खोलीच्या मध्यावर सर्वांत जास्त बदलतो, तर टोकापासून पाव लांबीवर जवळजवळ बदलतच नाही. सोफा भिंतीला टेकलेला, म्हणजे काका टेकडीच्या माथ्यावर बसलेले. आणि तंबोरा घेऊन ते ज्या सतरंजीवर बसले होते, ती मोजली तर भिंतीपासून सव्वा मीटरवर निघाली, म्हणजे बरोबर पाव लांबीवर. तिथून हा अनुनाद जागाच होत नाही. तंबोऱ्याच्या आवाजात मूळ स्वरापेक्षा वरचे स्वरांश अधिक असतात हेही खरे, पण स्पीकरमधूनही तंबोराच वाजत होता, तेव्हा फरक मुख्यतः जागेचा होता.

दरीचे कारण अधिक लाजिरवाणे होते, कारण ती मी स्वतः खणली होती. खालचे स्वर वूफरमधून फक्त पुढे जात नाहीत, ते कॅबिनेटला वळसा घालून मागेही जातात, भिंतीवर आपटून परत येतात, आणि भिंतीचे अंतर तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याइतके असेल तर परत आलेली लाट पुढे निघालेल्या लाटेला बरोबर उलटी भेटते. चौऱ्याऐंशी सेंटिमीटरची चौपट 3.36 मीटर, आणि ही तरंगलांबी 104 हर्ट्झची. भिंतींमुळे वूफरची ताकद कशी घटते-वाढते यावर अमेरिकन अभियंता रॉय ॲलिसन यांनी 1974 मध्ये निबंध लिहिला होता. तो मी वाचलेला होता, आणि तरीही मैदानावरच्या रेषेच्या नादात विसरलो होतो.

मग मी स्पीकर मागे ढकलायला लागलो, आणि तेव्हा काकूंनी शांतपणे सांगितले की मागच्या नमुन्याच्या वेळी मी गेल्यावर काका रोज तेच करत असत. कॅबिनेट भिंतीला टेकताच डग्ग्याचा घुमारा परत आला. पण 69 ची टेकडी आणखी वाढली, आणि वाढणारच होती. 84 सेंटिमीटरवर वूफर त्या अनुनादाला जेमतेम अर्ध्या जोराने ढकलत होता, भिंतीशी तो पूर्ण जोराने ढकलू लागला. एक दुरुस्त करावे तर दुसरे बिघडते, अशा पेचात दुपार गेली. मधे काकूंनी पोहे दिले, ते थंड झाल्यावर खाल्ले.

पेच सुटला तो या दोन दोषांच्या जाती वेगळ्या आहेत हे लक्षात आल्यावर. दरी ही लाटांच्या वजाबाकीची आहे. तिथे अ‍ॅम्प्लिफायरने जोर वाढवला तर सरळ जाणारी लाट आणि परतणारी लाट दोन्ही सारख्याच वाढतात, वजाबाकी शून्यच राहते, आणि वूफर मात्र फुकट तापतो. ती जागेनेच मिटवावी लागते. टेकडी मात्र एकाच अनुनादाची असेल तर ती विजेच्या फिल्टरने कापता येते, आणि तेवढ्याच रुंदीने व तेवढ्याच उंचीने कापली तर स्वर मागे रेंगाळणेही कमी होते. म्हणून आधी वूफर भिंतीशी नेऊन दरी घालवायची आणि मग वाढलेली टेकडी कापायची, हा क्रम ठरला. उलट क्रमाने गेलो असतो तर अजूनही तिथेच बसलो असतो.

चौथा नमुना या क्रमातून आला. कॅबिनेटची खोली फक्त 20 सेंटिमीटर ठेवली, पाठ भिंतीला जवळजवळ टेकेल अशी. वूफर अगदी तळाशी घेतला, त्याचा पडदा भिंतीपासून 22 सेंटिमीटरवर आला आणि दरी 395 हर्ट्झवर सरकली; वूफरला 180 च्या वर वाजूच द्यायचे नाही, म्हणजे ती त्याच्या वाट्याला येतच नाही. मधल्या आवाजाच्या स्पीकरला तिची थोडी झळ लागते, कारण 34 सेंटिमीटर रुंदीचे कॅबिनेट त्या स्वराला अर्धवटच पुढे वळवते. तिथे एक उथळ खळगा उरला आहे आणि तो मी झाकलेला नाही. भिंत स्वतःच खालच्या स्वरांना उचलून धरते म्हणून ते वेगळे वाढवण्यासाठी क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे स्वर वेगवेगळ्या स्पीकरांत वाटणाऱ्या मंडलात, ठेवलेली तरतूद मी सहावरून दोन डेसिबलवर आणली. पोर्ट, म्हणजे खालचे स्वर वाढवणारे पेटीचे भोक, काढून टाकला. तो 35 हर्ट्झला जुळवलेला होता, म्हणजे हॉलच्या पहिल्या अनुनादाच्या डोक्यावर. बंद पेटीचा आवाज खाली सप्तकामागे 12 डेसिबलने उतरतो, पोर्टच्या पेटीसारखा 24 ने कोसळत नाही, आणि खोलीशी तो अधिक समजुतीने वागतो असे माझे मत झाले आहे.

परदेशी पुस्तकांतले सल्ले आपल्या घरात का फसतात, हेही त्या आठवड्यात आकडे चाळताना कळले. लाकडी चौकटीवरची जिप्समची भिंत 125 हर्ट्झला आवाजाचा पाव हिस्सा, कधी त्याहून थोडा अधिक, गिळते. रंगवलेली विटांची भिंत शंभरातला एक. वर स्लॅब, खाली फरशी. अशा हॉलमध्ये खर्ज जायला वाटच नसते. जर्मन ध्वनिशास्त्रज्ञ मान्फ्रेड श्रोडर यांच्या सूत्राने काढले तर काकांच्या हॉलमध्ये साधारण 230 हर्ट्झच्या खाली खोलीचे राज्य चालते, आणि तंबोऱ्याच्या चारही तारांचे मूळ स्वर त्या राज्यातच येतात.

दीड महिन्याने नवी जोडी लावली. सोफा हलवला नाही, कारण मागे-पुढे सरकायला जागाच नव्हती. काकांनी तेच पहिले ध्वनिमुद्रण लावले, सतरंजीवर बसून आपला तंबोरा त्याच्या षड्जाशी मिळवला, आणि दोन्ही एकत्र चालू ठेवून मला सोफ्यावर बसवले. कोणती तार कुठली हे मला सांगता येईना. काका खुंटी थोडी उतरवून म्हणाले, "आता सांग."

टेकडी कापणाऱ्या फिल्टरचा स्वर मी पक्का न करता मागच्या बाजूला छोट्या स्क्रूवर ठेवला आहे. पुढच्या गिऱ्हाइकाचा हॉल 4.40 मीटर लांब निघाला. तिथे तो 79 वर फिरवावा लागला.