टीडब्ल्यू हायड्री: गच्चीवरून एच-अल्फा, पहिला धड आकडा

मंडळी, टीडब्ल्यू हायड्री या तरुण, भोवती वायू-धुळीची तबकडी असलेल्या ताऱ्याच्या एच-अल्फाचं, म्हणजे तापलेल्या हायड्रोजनच्या ठरावीक लाल प्रकाशाचं, मोजमाप एकदाचं जुळलं. नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या गच्चीवरून हा तारा दक्षिणेला जेमतेम ३५ अंश चढतो, म्हणजे ऐन सिडको-अंबडच्या उजेडात. पण फक्त तेवढाच लाल प्रकाश आत सोडणारा ७ नॅनोमीटरचा एच-अल्फा फिल्टर लावला की तो उजेड बराच मरतो. ८ इंची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण), मोनो (कृष्णधवल) कॅमेरा, तीन-तीन मिनिटांच्या फ्रेम. आधी एच-अल्फा, मग साधा लाल फिल्टर. दोन्हींच्या फ्रेम एकावर एक रचून केलेले स्टॅक मोजले, तर शेजारचे तारे दोन्हीकडे एकाच प्रमाणात आणि हा पठ्ठ्या एच-अल्फात मॅग्निट्यूडभर (म्हणजे सुमारे अडीचपट) वर. तुलनेला मात्र तांबूस तारेच घ्या. निळसर घेतलेत तर नुसत्या रंगानेच आकडा हलतो.

हा जादा प्रकाश तबकडीतून ताऱ्यावर कोसळणाऱ्या तापलेल्या हायड्रोजनचा. ताऱ्याचं वय साधारण १ कोटी वर्षं. आपल्या दीर्घिकेत बहुतेक तबकड्या २०-३० लाख वर्षांत विरतात, त्या हिशेबाने हा चिवटच.

हबल अवकाश दुर्बिणीने हीच युक्ती लघु मॅगेलनी मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतल्या एनजीसी ३४६ या तारकागुच्छावर केली होती. तिथे २-३ कोटी वर्षांचे तारे अजून वायू ओढताना दिसले. शंका आल्या, त्याही रास्त: तिथला तेजोमेघ, म्हणजे ताऱ्यांभोवतीचा झळाळता वायू, तोही त्याच फिल्टरमधून चमकतो. टीडब्ल्यू हायड्रीभोवती तसलं काही नाही, म्हणून आपलं काम सोपं. वेब अवकाश दुर्बिणीने एनजीसी ३४६ मधल्या १० ताऱ्यांचे वर्णपट घेऊन तेजोमेघाचा वाटा वेगळा काढला आणि डिसेंबर २०२४ मध्ये हबलचं म्हणणं खरं ठरलं.

तिथे जड मूलद्रव्यं (हायड्रोजन-हेलियमहून जड) सूर्याच्या १०-२० टक्केच. त्यामुळे ताऱ्याच्या प्रकाशदाबाला तबकडी उधळायला वेळ लागत असेल, किंवा तारा मुळात मोठ्या मेघातून बनल्याने तबकडीच भारी असेल. मला दुसरं जास्त पटतं. दोन्ही मिळूनही असेल. ग्रहांना मात्र घडायला भरपूर सवड मिळते.

लघु मॅगेलनी मेघ नाशिकहून कधीच उगवत नाही, कन्याकुमारीलाही जेमतेम ९ अंश. तेव्हा आपला टीडब्ल्यू हायड्रीच बरा. त्याचा एच-अल्फा कमी-जास्त होत राहतो, म्हणून आता निरभ्र रात्री मालिका लावतोय. मेच्या पहिल्या आठवड्यात तो रात्री पावणेनऊच्या सुमारास मध्यमंडलावर, म्हणजे ऐन दक्षिणेला सर्वांत उंच, असेल. कुणाकडे ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग फोडणारी बारीक रेघांची काच) असेल तर त्याच रात्री वर्णपट घ्या, दोन्ही आकडे ताडून बघू.