एक्झॉस्ट फॅन आवाज करतोय, बदलू का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: बदलू नका. निदान आज तरी नको.

सांगलीत आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. कॉइल भरायचं काम माझ्याकडे, आणि गिऱ्हाइकांशी बोलायचंही. त्यातला ठरलेला प्रश्न म्हणजे, "काकू, किचनचा एक्झॉस्ट फॅन फार ओरडतोय. मोटार गेली असेल ना? नवीनच घ्यावा का?" विचारणाऱ्याने बहुतेक वेळा फॅन काढून पिशवीत घालून आणलेलाही असतो. तिथेच पंचाईत होते. टेबलावर लावला की तो गपगार चालतो आणि समोरच्याला वाटतं, काकू आपल्याला खोटं पाडतायत. पण टेबलावर गप्प आणि घरी कलकलाट, म्हणजे दुखणं फॅनचं नाही, तो जिथे बसवलाय तिथलं आहे. ते पिशवीतून आणता येत नाही.

म्हणून खोलायच्या आधी नीट ऐका. फॅन पूर्ण वेगात येऊ द्या आणि बटण बंद करा. पाती लगेच थांबत नाहीत, थोडा वेळ नुसतीच फिरत राहतात. बटण बंद केल्याक्षणी आवाज तुटला आणि पाती शांतपणे फिरत राहिली, तर तो आवाज विजेचा. पाती मंदावतील तसा आवाजही उतरत गेला, तर तो यंत्राचा किंवा हवेचा. उतरता उतरता मध्येच एकदा खडखड वाढून विरली, तर खिडकीची चौकट किंवा पत्रा त्या ठरावीक वेगाला थरारतोय.

विजेचा आवाज म्हणजे ती घुं घुं. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे मोटारीतलं चुंबक सेकंदाला 100 वेळा ओढतं. थोडी गुणगुण प्रत्येक मोटारीला असतेच. ती फार वाढली असेल आणि फॅन रेग्युलेटरवर असेल, तर फुल स्पीडला नेऊन बघा. फुलला शांत आणि दोनवर घुं घुं, तर दोष रेग्युलेटरचा. गोल फिरवायच्या काही इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरांना ही खोड असते. कंडेन्सरचा, टप्प्याटप्प्याचा लावला की बहुधा जाते. बटण दाबल्यावर नुसताच घुमतो आणि पात्याला ढकललं की मग सुटतो, असं असेल तर बहुतेक फॅनचा स्वतःचा कंडेन्सर थकलाय (पण म्हणून रोज काठीने ढकलत बसू नका). नवा त्याच मायक्रोफॅरडचा हवा. "मोठा टाका, जोरात फिरेल" म्हणणारे भेटतात. त्यांच्या कृपेने जळालेली वायंडिंग नंतर माझ्याच टेबलावर येते.

आता खरा गुन्हेगार. फोडणीची वाफ. तेलाचे कण पात्यांवर बसतात, त्यावर धूळ, पीठ, आणि त्याचा चिकट काळा थर होतो. सगळ्या पात्यांवर सारखा बसला असता तर फारसं बिघडलं नसतं, पण तो तसा बसत नाही, किंवा एका पात्यावरचा पोपडा गळून पडतो. बारा इंची फॅन मिनिटाला 1400 फेरे घेत असेल आणि एका पात्याच्या टोकाजवळ फक्त 5 ग्रॅम मळ जास्त असेल, तर शाफ्टला, म्हणजे पाती बसवलेल्या दांड्याला, सतत सव्वा-दीड किलोच्या आसपास ओढ बसते, आणि तिची दिशा सेकंदाला तेवीसेक वेळा गोल फिरते. 900 फेऱ्यांच्या फॅनला हीच ओढ अर्ध्या किलोवर येते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या हिशोबात वाढते. शाफ्ट ज्यात फिरतो ती छोटी नळी म्हणजे बुश, आणि तो झिजतो तो याच ओढीने.

धुण्याआधी प्लग काढा किंवा एमसीबी पाडा. नुसत्या बटणावर विसंबू नका. जुन्या वायरिंगमध्ये कधी कधी बटण न्यूट्रलवर असतं, म्हणजे ते बंद केलं तरी फॅनपर्यंत वीज येतच राहते. पाती काढून गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणात भिजत घाला. अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांना कॉस्टिक सोडा लावू नका, तो धातूच खातो. मोटारीला फक्त कोरडं फडकं. पाती परत बसवलीत की बोटाने हलकेच फिरवून सोडा. दर वेळी तेच पातं खाली येऊन थांबत असेल तर ते जड आहे: पुन्हा घासा. मग एक पेन्सिल चौकटीला टेकवून स्थिर धरा, तिचं टोक एका पात्याच्या कडेजवळ आणा आणि पाती हाताने फिरवा. एखादं पातं टोकाला घासून जातं आणि दुसरं लांबून, तर पातं वाकलंय. लोखंडी असेल तर हळूच सरळ करता येतं.

एवढं करूनही खडखड राहिलीच, तर फॅन चालू असताना बाहेरच्या चौकटीवर तळहात दाबा. जाळीत बोटं नाहीत, फक्त कडेला. आवाज बदलला तर स्क्रू सैल आहेत किंवा रबरी वॉशर वाळून कडक झालेत. स्लायडिंग खिडकीची काच काढून तिथे पातळ प्लायवूड ठोकतात आणि त्यावर फॅन. ते प्लायवूड ढोलाचं पान होतं. आणि लोक काय करतात? मोटारीत खोबरेल सोडतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. खोबरेल तर थंडीत गोठतं आणि पुढे चिकट होऊन बुशच आवळतं. तेल घालायचंच तर शिलाई मशीनचं, दोन थेंब, बुशपाशी.

हवेचा आवाज ओळखायला सर्वांत सोपा. खिडक्या-दारं बंद ठेवून फॅन लावला की त्याला बाहेर टाकायला हवा कुठून मिळणार? मग बाहेरच्या झडपा अर्धवट उघडतात आणि टपटपत राहतात. दार उघडलंत आणि सूर बदलला, तर तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही. दार उघडं ठेवा. पावसाळ्यात वारा समोरून असेल तर फॅन बंद असतानाही झडपा आपटतात, ते वेगळं. आणि झडपांमागे एकदा बघाच. काड्या, पिसं, क्वचित अंडीसुद्धा. कबुतरांना ती जागा फार आवडते. पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत फॅन बंद.

बदलायचा कधी? बाथरूममधला सहा इंची प्लास्टिकचा असेल, शाफ्ट बोटाने आडवा हलत असेल, तर बदला. त्याचा बुश बसवायची मजुरी नव्याच्या किमतीला भिडते. शाफ्ट पुढे-मागे किंचित सरकतो ते मात्र चालतं, घाबरू नका. जुना लोखंडी, जड, तांब्याच्या वायंडिंगचा असेल तर घेऊन या, बुश आणि बेअरिंग मिळतात. फक्त पाती आणि जाळी घरून धुऊन आणा.