युव्हिआयटिस खरंच दुर्मीळ आहे का? तुम्ही विचारलंत म्हणून

डोळ्याच्या आतल्या सुजेचं, म्हणजे युव्हिआयटिसचं निदान झालं की पेशंट हमखास विचारतात, “हे किती जणांना होतं?” एकच आकडा सांगून भागत नाही. कुणाला मोजलं आणि कसं मोजलं, यावर तो फिरतो.

उत्तर कॅलिफोर्नियातल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लाखामागे सुमारे ११५ जण आढळले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या हैदराबादच्या पाहणीत, वय आणि लिंगानुसार जुळवून घेतल्यावर, प्रमाण ०.७३ टक्के निघालं, म्हणजे लाखामागे ७३०. म्हणून आपल्याकडे हा आजार सहापट आहे असं म्हणू नये. तिकडे उपचारासाठी आलेल्यांच्या नोंदी मोजल्या होत्या. हैदराबादेत वस्त्यांमधून निवडलेल्या २५२२ जणांचे डोळे तपासले आणि आजार चालू असलेल्यांबरोबर होऊन गेलेलेही धरले. ते सगळे मिळून २१ निघाले. इतक्या लहान संख्येत चार माणसं इकडची तिकडे झाली तरी टक्केवारी हलते.

होऊन गेलेला आजार ओळखायला बाहुली थेंब घालून मोठी करावीच लागते. तिची कड डोळ्यातल्या भिंगाला चिकटलेली असेल तर ती गोल न उघडता वेडीवाकडी उघडते. पडद्यावरचे जुने व्रणही तेव्हाच नीट दिसतात. चालू सूज मोजायची ती स्लिट लॅम्पच्या, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राच्या, १ मिमी बाय १ मिमी झोतात, तरंगणाऱ्या पेशी मोजून: १ ते ५ म्हणजे अर्धा प्लस, सुजेची सगळ्यात हलकी पायरी, ६ ते १५ एक प्लस, ५० च्या वर चार प्लस. खोलीत पुरेसा अंधार नसला तर अर्धा प्लस हमखास निसटतो.

त्याहून जास्त निसटतात ते “डोळे आलेत” म्हणून घरी बसलेले. डोळे आल्यावर चिपडं येतात. युव्हिआयटिसच्या लाल डोळ्यात ती नसतात. लाली बुबुळाच्या कडेला दाट असते, डोळा ठणकतो, उजेड सहन होत नाही. मेडिकलमधून आणलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांनी लाली जाते, पण ते एकदम थांबवले की सूज उलटते आणि डोळ्यातला दाब न तपासता चालू ठेवले तर काचबिंदूची भीती. असा पेशंट कुठल्याच नोंदीत येत नाही, याची आम्हाला खरी काळजी वाटते.

लहानपणी सांधेवात झालेल्या मुलांचा डोळा तर बहुधा लालही होत नाही, दुखतही नाही. ज्यांना धोका जास्त, त्यांची तक्रार नसली तरी दर तीन महिन्यांनी स्लिट लॅम्पवर तपासणी करून घ्या.